बाराव्या नंबरचा कप

भानुदास रेडकरांना कुणी 'बिचारा माणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारा कसला? दुबईतल्या बारा टीमच्या बारा कॅप्टनांची भांडणं मिटवणारा, हातात माइक आला की चार तास पाणीसुद्धा न पिता बोलणारा माणूस बिचारा असतो का? त्यांना बिचारं केलं ते आम्ही. आम्ही म्हणजे माझा नवरा सूर्यकांत, आमचं अख्खं मराठी मंडळ, आणि हो, मी नीलिमासुद्धा. उगाच दुसऱ्यावर ढकलणार नाही.

भाऊजी, म्हणजे आमचे रेडकर, चौऱ्याऐंशी साली इकडे आले. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. खिळे, पाइप, हेल्मेटं, हातमोजे, जे साइटवर लागेल ते त्यांच्या खिडकीतून जायचं. राहायला अजमानला, एका खोलीत सहा जण. गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला. तिथे बायको कावेरी आणि अंथरुणाला खिळलेली आई. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागतो तेवढा त्यांचा कधी झालाच नाही, आणि झाला असता तरी सासूला टाकून कावेरी कशी येणार? दोन वर्षांतून एकदा दोन महिने सुट्टी. म्हणजे अठरा वर्षांत त्या दोघांचा संसार झाला तो जेमतेम दीड वर्षाचा. मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं तर हसले आणि म्हणाले, "वहिनी, भांडायला वेळच नाय मिळाला बघा."

आमच्या मंडळाची क्रिकेट लीग नव्वद सालापासूनची. बँकवाले, इन्शुरन्सवाले, ऊद मेथाच्या शाळेतले मास्तर, केटरिंगवाले अशा अकरा टीम, आणि शेपटाला बारावी भाऊजींची अजमान इलेव्हन. त्यांच्याकडे सगळे स्टोअरवाले, किचनवाले, ड्रायव्हर. विकेटकीपर जहूर तर पेशावरचा सुतार, पण भाऊजींच्या खोलीत राहतो म्हणून मंडळाने त्याला मराठी धरून चालवून घेतला होता. ऑक्टोबर ते जानेवारी, दर शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, मॅच. कुसैसच्या पुढे वाळूचं मैदान. मधे सिमेंटची पिच, तिच्यावर काथ्याची मॅट, बाकी नुसती वाळू. चौकार मारायला हत्तीचं बळ पाहिजे. अजमान इलेव्हन हमखास बारावी यायची. प्रॅक्टिस करणार कधी? सहा दिवस ड्युटी आणि सातव्या दिवशी मॅच.

आता खरी गोष्ट. लीग संपली की फेब्रुवारीत कप असायचे, आणि ते कप ही भाऊजींची करामत. पहिला नंबर खेळणार दुसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी, असं करत अकरावा बाराव्याशी. सहा जोड्या, सहा कप, प्रत्येक कप एका दुकानदाराचा. पहिल्या दोघांचा ज्वेलर कप, मग मसाला कप, ट्रॅव्हल कप, आणि अगदी तळाला लाँड्री कप. तो आमच्या करामा भागातल्या खैरुद्दीन लाँड्रीवाल्याने दिलेला. सगळ्यात मळके कपडे याच दोन टीमचे येतात, असं त्याचं म्हणणं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी आठला लाँड्री कप. सगळ्यांनी सहकुटुंब यायचं म्हणजे यायचं. "ज्वेलर कपला नाही आलात तर चालेल," भाऊजी दम द्यायचे, "शेवटच्याच्या मॅचला दांडी नाय मारायची." शिवाय एक रीत त्यांनी पाडली होती. ज्वेलर कपच्या दोन टीमनी लाँड्री कपमध्ये पाणी द्यायचं. बँकेचा मॅनेजर हातात बादली घेऊन वाळू तुडवत जायचा आणि स्टोअरच्या माणसांना पाणी पाजायचा. काय मजा यायची ते बघायला! जिंकलं कोण, हरलं कोण, चार दिवसांत सगळे विसरायचे. पण सहा टीम कप घेऊन घरी जायच्या. आमची रुचा लहानपणी विचारायची, "बट हू इज द रिअल चॅम्पियन, आई?" मी म्हणायचे, "गप बस आणि वडा खा."

भाऊजी स्वतः पाचव्या-सहाव्या नंबरला बॅटिंगला जायचे, सात-आठ रन करून परत यायचे आणि पॅड न सोडताच माइक घ्यायचे. त्या सगळ्याच्या ते कॅसेट भरायचे आणि गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी कावेरीला पाठवायचे. पत्र लिहायचं म्हटलं तर चार ओळींपुढे त्यांची गाडी जायची नाही. 'मी खुशाल आहे, आईची काळजी घे.' झालं. कॅसेट मात्र नव्वद मिनिटांची. त्या घरात आईच्या उशाशी ती वाजायची. कावेरीला सहाही कपांची नावं तोंडपाठ होती. जहूर कोण, बादलीवाला मॅनेजर कोण, सगळं ठाऊक. ही गंमत मला नंतर कळली. आधी कळली असती तर... जाऊ दे.

दोन हजार एकच्या श्रावणात भाऊजींची आई गेली. त्यानंतर ते आमच्या घरी आले आणि बराच वेळ चहाच्या कपाशी चाळा करत बसले. शेवटी म्हणाले, "कावेरी आता मोकळी झाली. व्हिजिट व्हिसावर महिनाभर आणावी म्हणतो. लाँड्री कप बघेल. तिला फार इच्छा आहे." सूर्यकांतने लगेच त्याच्या ऑफिसमधून व्हिसाचं बघतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, राहायला आमच्याकडे. करामाला दोन खोल्यांचं घर, पण जागा मनात असली की घरात होते. भाऊजींचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू!

पुढच्याच महिन्यात आमच्याच हॉलमध्ये कमिटीची मीटिंग झाली. सूर्यकांत सेक्रेटरी. निनाद नावाचा नवीन मुलगा होता, पुण्याचा, बँकेच्या टीमचा कॅप्टन. हुशार, गोड बोलणारा. लॅपटॉप घेऊन आला होता. भिंतीवर चौकटी-चौकटींचं झाड दाखवलं. म्हणाला, कप बंद. सहा कप म्हणजे सहा चॅम्पियन, याला काय अर्थ आहे? प्लेऑफ करू. पूर्वी मंडळात कुणीतरी चारच टीमचा प्लेऑफ सुचवला होता, तो भाऊजींनीच हाणून पाडला होता. निनादने ते बरोबर हेरलं होतं. "एक्स्पांडेड प्लेऑफ, काका. सगळ्या बारा टीम आत. बारावा नंबरसुद्धा चॅम्पियन होऊ शकतो. एक फेब्रुवारीला सुरू, बावीसला फायनल. स्पॉन्सर रेडी आहे."

बारावासुद्धा चॅम्पियन! भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. बावीस फेब्रुवारी म्हणजे नेमका शेवटचा शुक्रवार.

आमच्या मंडळात एक खुळचट चाल आहे. कुठल्याही ठरावाला अनुमोदन द्यायचं ते सगळ्यात जुन्या सभासदाने. आणि एकदा जुन्या माणसाने अनुमोदन दिलं की पुढे कुणी तोंड उघडायचं नाही, तो त्याचा अपमान. सूर्यकांत म्हणाला, "रेडकर, बोला." भाऊजींनी हात वर केला. मी स्वयंपाकघराच्या दारात कांदेपोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते. केटरिंगवाल्यांचा मुरलीधर काहीतरी विचारणार होता, तो गप्प बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा बश्या खाली ठेवून वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कावेरीचं तिकीट निघालं अठरा फेब्रुवारीचं.

लीगमध्ये अजमान इलेव्हन बारावी आली. एक फेब्रुवारीला सकाळी आठला पाचव्या नंबरच्या टीमशी मॅच. मी मुद्दाम गेले. अजमान इलेव्हन सव्वीसला ऑल आऊट. भाऊजी दोन रन. समोरच्यांनी चार ओव्हरमध्ये मॅच संपवली आणि पळाले, पुढच्या आठवड्याच्या मॅचची प्रॅक्टिस करायला. साडेनऊ वाजले होते. मैदानात दुसरी मॅच लागलीसुद्धा.

भाऊजी पॅड घालूनच उभे होते. सूर्यकांतकडे येऊन म्हणाले, "आता आमची पुढची कोणाशी?"

सूर्यकांतला आधी कळेना. मग म्हणाला, "अहो रेडकर, नॉकआउट आहे ना. खलास. हरला तो बाहेर."

"नॉकआउट कळतं हो मला. पण हरलेल्यांचं पुढे काय, ते कुणीतरी ठरवलं असेलच ना?"

मी इथे कबूल करते, मला तिथल्या तिथे रडू आलं. बारा वर्षं हरलेल्यांचं पुढे काय ते या माणसाने ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी ठरवलं. त्यांना वाटलं ते कामच आहे, कुणीतरी करणारच.

घरी आल्यावर मी सूर्यकांतची अशी हजेरी घेतली की रुचा तिच्या खोलीचं दार लावून बसली. मी म्हटलं, "बावीसला सकाळी एक लाँड्री कप ठेवायला तुमच्या बापाचं काय जातं?" तो म्हणाला, ग्राउंड त्या दिवशी स्पॉन्सरच्या ताब्यात आहे, सकाळपासून मांडव आणि स्टेज. मी म्हटलं, मग एकवीसला? तो म्हणाला, गुरुवारी अजमानवाल्यांना सुट्टी कुठली? मग मी निनादला फोन केला. तो इतका नम्र की भांडायलाही जागा ठेवेना. "काकू, आय टोटली अंडरस्टँड. बट काकांनीच सेकंड केलं होतं ना." अकराव्या नंबरच्या टीमला विचारलं, तर मॅच संपल्या म्हणून त्यांचे चौघे सुट्टीवर इंडियाला गेलेले. अजमान इलेव्हनला फोरमन शुक्रवारची मोकळीक द्यायचा ती त्यांची टीम स्पर्धेत असेपर्यंतच. दुसऱ्याच शुक्रवारी त्याने सगळ्यांना ओव्हरटाइमला जुंपलं. शेवटी खैरुद्दीनकडे गेले. तो इस्त्री खाली ठेवून म्हणाला, "भाभी, कप तो पॉलिश करके रखा है. लेकिन मैच ही नहीं तो मैं किसको दूँ?" कुणाचं काही चुकत नव्हतं. तोच तर वैताग होता. भांडायला माणूस तरी पाहिजे ना समोर! तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

भाऊजींना म्हटलं, कावेरीला फोन करून सांगा तरी. ते म्हणाले, "नको वहिनी. तिकीट झालंय. तुम्ही पण काय बोलू नका. मी बघतो कायतरी." काय बघणार होते? पण मी गप्प बसले. तीही माझीच चूक.

अठरा तारखेला कावेरी आली. किडकिडीत, काळीसावळी, हातात हिरव्या बांगड्या. विमानात जेवली नव्हती, कारण ट्रेचं झाकण कसं उघडतात ते कुणाला विचारायचं तिला कळलं नाही. घरात शिरली, बॅग उघडली आणि पहिल्यांदा एक कागदी पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"वैनी, ह्यो प्रसाद. अकरा पुड्यो आसत, खेळणाऱ्यांक. सातेरी देवीक गाऱ्हाणा घातलंय, ह्यांच्या टीमीक यश दी म्हणान."

मी पुडकं देवासमोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

शुक्रवार येईपर्यंतचे चार दिवस ती माझ्या घरातच होती. भाऊजी रोज ड्युटी संपली की अजमानहून यायचे, सोफ्याच्या टोकाला बसायचे, दुसऱ्या टोकाला ती. मधे रुचाची शाळेची बॅग. मी मुद्दाम आत जायचे, तर बाहेर नुसता टीव्ही ऐकू यायचा. एकदा मी चहा घेऊन आले, तर ती विचारत होती, "शुक्रवारी कितीक वाजता?" आणि भाऊजी म्हणत होते, "सकाळीच." खोटं नव्हतं ते. फायनल सकाळीच होती. गुरुवारी तिने त्यांचे पांढरे कपडे मागून घेतले आणि स्वतः इस्त्री केली. मी म्हटलं, अगं लाँड्रीत देऊ. ऐकेना. भाऊजींनी ते घातले. नाही कसं म्हणणार?

निनादने मोठ्या मनाने दोन व्हीआयपी पास पाठवले होते. 'भानुदासकाका आणि काकूंसाठी, विथ रिस्पेक्ट.' लाल दोरीत अडकवलेले. शुक्रवारी ते दोघं मांडवात पहिल्या रांगेत बसले, त्यांच्या मागे मी. भाऊजी पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये, छातीवर तो पास. कावेरी मोतिया रंगाच्या नव्या साडीत, हातात जहूरसाठी एक पुडी. बाकीच्या दहा पुड्या पिशवीत. जहूर कुठे आहे हे तिला कोण सांगणार? तो साइटवर शटरिंग ठोकत होता.

तिने मैदान डोळे भरून बघून घेतलं. "तुमी खंय उभे रवतास?"

"थंय," भाऊजींनी हात लांब केला. "त्या दांड्याच्या बाजूक."

स्पॉन्सरने निवेदक आणला होता, सूटबूट घातलेला. सगळं इंग्रजीत. कावेरी दर वेळी माइक खरखरला की भाऊजींकडे बघायची. हे आता उठतील. हे आता उठतील. भाऊजी समोर बघत होते. पाणी द्यायला गणवेशातली माणसं होती, चाकांच्या पेटीत बाटल्या. बँक आणि मास्तरांची टीम अशी फायनल झाली, चांगली झाली, शेवटच्या ओव्हरपर्यंत गेली. खोटं का बोलू, मीही एकदा उभी राहून ओरडले आणि मग लाज वाटून बसले. निनादने कप घेतला. मोठा होता, रुचाच्या कमरेएवढा. फोटो झाले. निवेदकाने स्पॉन्सरचे आभार मानले, कमिटीचे मानले, ढोलवाल्यांचे मानले.

लोक उठले. यल्ला, यल्ला, चला, चला करत गाड्यांकडे निघाले. मांडवातल्या खुर्च्या माणसं एकमेकांत अडकवू लागली. कावेरी बसूनच होती. पुडी तिच्या हातात पार चुरगळली होती. मागे वळून तिने मला हळूच विचारलं, "वैनी, ह्यांचो नंबर कधी येतलो?"

मी वाकून खुर्चीखालची पर्स शोधू लागले. एरवी माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात सगळे!

भाऊजींनी ऐकलं होतं. मान न वळवता ते म्हणाले, "येवचो नाय. आमचा खलास झाला. एक तारखेकच."

"एक तारखेक?" ती त्यांच्याकडे वळली. "तुमका ठावक होता?"

"होय."

"मगे माका हंय कित्याक हाडलास?"

रागाने नाही विचारलं तिने. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं की जी मॅच नाही ती दाखवायला नवऱ्याने आपल्याला एवढ्या लांब का आणलं.

अहो, सांगा ना तिला! मी मनातल्या मनात ओरडत होते. सांगा की तुला बघायचं होतं म्हणून आणलं. अठरा वर्षं एकट्याने काढली म्हणून आणलं. एवढं एक वाक्य! पण ज्या माणसाला माइकवर चार तास बोलता यायचं, त्याला हे बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं. बायकोला 'ये' म्हणायला त्यांच्याकडे ती एक मॅच होती, आणि ती आम्ही पोहे खात खात टाळ्यांच्या गजरात काढून घेतली. मी तिथे बसून होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. त्यांच्या वतीने मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं, त्यांचं नव्हे.

भाऊजींनी छातीवरचा पास काढून खिशात घातला. मग ते उठले. मांडवाच्या कडेला चहावाला थर्मास आवरत होता, तिकडे त्यांनी बघितलं.

"चाय घेतंस?"

"कितकी?"

"एक दिरहम."

तिने मनात हिशेब केला. चार दिवसांत तिला तेवढा जमायला लागला होता.

"तेरा रुपये चायेक? नको."

भाऊजी उठले होते ते परत खाली बसले.